संशोधन अणुभट्टीचा गाभा : आखणी प्रयोगाच्या जागेपासून सुरू होते

भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीला संशोधन अणुभट्टीच्या गाभ्याच्या, म्हणजे इंधन असलेल्या मधल्या भागाच्या, आखणीवर प्रकल्प करायचा आहे. तिचे तीन प्रश्न आहेत. आधी मेगावॉट ठरवायचे की इंधन? जास्त इंधन घातलं तर जास्त न्यूट्रॉन मिळतील ना? आणि क्रिटिकल होण्याचं (म्हणजे अणुकेंद्रकं फुटण्याची साखळी स्वतःच्या बळावर चालू राहण्याचं) गणित सुटलं की उरलेलं काम यंत्र अभियंत्यांचंच ना? उत्तरं देतो, पण तिच्या क्रमाने नाही. कारण मधला प्रश्न आधी सोडवला नाही तर बाकीचे दोन नीट कळत नाहीत.

वीज केंद्रातल्या अणुभट्टीत उष्णता हा माल असतो आणि न्यूट्रॉन हे तो माल काढण्याचं साधन. संशोधन अणुभट्टीत सगळं उलटं असतं. न्यूट्रॉन हा माल, आणि उष्णता म्हणजे जिची विल्हेवाट लावावी लागते अशी कटकट. म्हणून इथे मेगावॉट हा आकडा शेवटी पडतो. आधी पडतो तो फ्लक्स, म्हणजे एका सेकंदात एका चौरस सेंटिमीटरमधून किती न्यूट्रॉन जातात त्याचं माप.

आता थोडं अंकगणित. १ वॉट शक्तीसाठी सेकंदाला सुमारे ३,१०० कोटी विखंडनं (युरेनियमची केंद्रकं फुटणं) लागतात. विखंडनांची संख्या म्हणजे युरेनियम-२३५ ची किती केंद्रकं आहेत, प्रत्येकाचा छेद (न्यूट्रॉन लागून ते फुटण्याची शक्यता) किती आणि फ्लक्स किती, यांचा गुणाकार. हे समीकरण फिरवून लिहिलं की सरासरी फ्लक्स शक्तीच्या सम प्रमाणात आणि विखंडनक्षम इंधनाच्या वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात येतो. म्हणजे शक्ती तीच ठेवून इंधन वाढवलंत तर फ्लक्स कमी होतो. नव्या माणसाला हे पहिल्यांदा पटत नाही, पण संशोधन अणुभट्ट्यांच्या आखणीचा अर्धा इतिहास या एका ओळीत बसतो.

तुर्भ्याच्या (ट्रॉम्बेच्या) भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या दोन भट्ट्या शेजारी ठेवून पाहा. कॅनडाच्या सहकार्याने उभारलेली सायरस १० जुलै १९६० रोजी क्रिटिकल झाली आणि २०१० च्या अखेरीस कायमची बंद झाली. शक्ती ४० मेगावॉट, इंधन नैसर्गिक युरेनियम धातू, तोही सुमारे दहा टन. त्यातलं युरेनियम-२३५ फक्त ०.७ टक्के, म्हणजे साधारण ७० किलो. तिचा कमाल औष्णिक, म्हणजे मंद झालेल्या न्यूट्रॉनचा, फ्लक्स होता सुमारे ६५ लाख कोटी. १० सप्टेंबर २०१८ रोजी क्रिटिकल झालेल्या अप्सरा-यू या भट्टीची शक्ती फक्त २ मेगावॉट, आणि कमाल फ्लक्स सुमारे ६१ लाख कोटी. विसावा हिस्सा शक्ती आणि जवळजवळ तोच फ्लक्स! यात जादू काही नाही. अप्सरा-यूचं इंधन समृद्ध (युरेनियम-२३५ चा वाटा वाढवलेलं) आहे, त्यातलं युरेनियम-२३५ मोजकं काही किलो आहे आणि ते लहानशा घनफळात कोंबलेलं आहे.

मग सायरसवाले किंवा त्यांच्यानंतरचे ध्रुववाले चुकले का? मुळीच नाही. कमाल फ्लक्स हा फक्त एका बिंदूवरचा आकडा असतो. आयोडीन-१३१ किंवा मॉलिब्डेनम-९९ बनवणाऱ्याला तो फ्लक्स भरपूर जागेत, अनेक नळ्यांत एकाच वेळी आणि आठवड्यामागून आठवडे हवा असतो. मॉलिब्डेनम-९९ चं अर्धायुष्य ६६ तास आहे, त्यामुळे ते साठवून ठेवता येत नाही. भट्टी बंद राहिली की समस्थानिकं पुरवणाऱ्या वाशीच्या ‘ब्रिट’ या संस्थेकडून पुढे रुग्णालयांना जाणारा पुरवठा अडतो. असा ग्राहक दारात असेल तर मोठा, पसरलेला, नळ्यांना जागा असलेला गाभा हीच शहाणी निवड ठरते. दुसरं कारण साधं आणि निर्णायक आहे. ज्या देशाकडे तेव्हा युरेनियम समृद्ध करण्याचा कारखाना नव्हता, त्याने १०० मेगावॉटची भट्टी परक्या इंधनाच्या भरवशावर बांधावी का? ८ ऑगस्ट १९८५ रोजी क्रिटिकल झालेली ध्रुव म्हणूनच नैसर्गिक युरेनियम आणि जड पाण्याची आहे. तिचा कमाल फ्लक्स १८० लाख कोटींच्या घरात जातो. दर मेगावॉटला किती फ्लक्स, या कसोटीवर ध्रुव देखणी ठरत नाही. माझ्या मते ती कसोटीच तिला लावू नये.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं : आधी मेगावॉट नाही, इंधनही नाही. आधी गिऱ्हाईक ठरवायचं. न्यूट्रॉनच्या विखुरण्यातून पदार्थांची रचना अभ्यासणाऱ्याला गाभ्याबाहेर येणारा स्वच्छ किरण हवा असतो. समस्थानिकं बनवणाऱ्याला औष्णिक न्यूट्रॉनची जागा हवी, पदार्थांची झीज तपासणाऱ्याला इंधनाच्या अगदी लगत वेगवान न्यूट्रॉन हवे, आणि सिलिकॉनचे ठोकळे डोप करणाऱ्याला (त्यात मोजकी अशुद्धी घालणाऱ्याला) फ्लक्स सगळीकडे सारखा हवा, मग तो कमी असला तरी चालेल. सगळ्यांना सगळं देणारा गाभा कागदावर होतो, प्रत्यक्षात कोणालाच धड काही देत नाही. तुमच्या प्रकल्पात एक प्रमुख गिऱ्हाईक निवडा आणि दुसऱ्याला उरलेल्या जागेत बसवा.

आता गाभ्याचा भूगोल. लहान गाभ्यातून न्यूट्रॉन बाहेर गळतात. वीज केंद्रात ही गळती नुकसान मानतात. इथे आपण ती मुद्दाम घडवून आणतो आणि बाहेर परावर्तकात पकडतो. जड पाणी, बेरिलियम किंवा बेरिलियम ऑक्साइड न्यूट्रॉनला मंद करतात, पण फारसे गिळत नाहीत. इंधनातून निसटलेले वेगवान न्यूट्रॉन तिथे मंद होऊन साचत जातात आणि औष्णिक फ्लक्सचं शिखर इंधनात न पडता परावर्तकात पडतं. जर्मनीत गार्शिंगला असलेल्या एफआरएम-२ मध्ये ही कल्पना टोकाला नेली आहे. तिथे संपूर्ण गाभा म्हणजे ११३ वक्र पट्ट्यांची एकच इंधन असेंब्ली, भोवती जड पाण्याची टाकी, शक्ती २० मेगावॉट आणि फ्लक्स सुमारे ८०० लाख कोटी. सिडनीजवळची ओपल तेवढी टोकाची नाही : चार बाय चार अशा १६ असेंब्ली, भोवती जड पाणी, शक्ती तीच २० मेगावॉट. अप्सरा-यूमध्ये आठ बाय आठ जागांची जाळी आहे आणि इंधनाभोवती बेरिलियम ऑक्साइडचे परावर्तक आहेत.

किरणनळ्यांची तोंडं त्या शिखराशी आणायची, पण नळीचा रोख इंधनाकडे ठेवायचा नाही. स्पर्शिकेसारखी नळी बसवली की गॅमा किरण आणि वेगवान न्यूट्रॉन सरळ रेषेत नळीत घुसत नाहीत, मंद न्यूट्रॉन तेवढे येतात. ध्रुवमध्ये अशा स्पर्शरेषेतल्या नळ्या आहेत, आणि तिथून न्यूट्रॉन मार्गदर्शक नळ्यांनी शेजारच्या प्रयोगशाळेत नेले जातात. प्रत्येक नळी म्हणजे परावर्तकात पाडलेलं भोक असतं आणि ते रिॲक्टिव्हिटी, म्हणजे विखंडनांची साखळी वाढती ठेवण्याची गाभ्याची क्षमता, खातं. म्हणून नळ्या गाभ्याच्या गणितात पहिल्या दिवसापासून हव्यात. त्या नंतर ‘बसवू’ म्हणणाऱ्यांना इंधन वाढवावं लागतं, आणि इंधन वाढवलं की काय होतं ते वर आलंच आहे.

इंधनाबद्दल एक अडचण तुम्हाला लगेच भेटेल. पूर्वीच्या बऱ्याच पूल भट्ट्या (गाभा पाण्याच्या तलावात बुडवलेल्या) ९० टक्क्यांहून जास्त समृद्ध युरेनियमवर चालत. १९५६ ची जुनी अप्सराही ब्रिटनकडून आलेल्या समृद्ध युरेनियम-ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या पट्ट्यांवर चालायची. असं युरेनियम शस्त्रांसाठी वापरता येतं, म्हणून १९७८ पासून अमेरिकेच्या पुढाकाराने जगभरच्या भट्ट्या २० टक्क्यांखालच्या इंधनावर आणण्याचा कार्यक्रम सुरू झाला. त्याची किंमत काय, हे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या, गणितं ताडून पाहण्यासाठी कागदावर मांडलेल्या, १० मेगावॉटच्या नमुना भट्टीत छान दिसतं. तिथल्या एका असेंब्लीत २३ पट्ट्या असतात. जास्त समृद्ध इंधनात तिच्यात २८० ग्रॅम युरेनियम-२३५ होतं. २० टक्क्यांच्या इंधनात ते ३९० ग्रॅम करावं लागलं. आणि एकूण युरेनियम? ३०० ग्रॅमवरून १,९५० ग्रॅम! पट्टीची जाडी तेवढीच ठेवून साडेसहा पट युरेनियम बसवायचं असेल तर जुना मिश्रधातू चालत नाही. म्हणून युरेनियम सिलिसाइडची पूड ॲल्युमिनियममध्ये विखरून केलेलं इंधन आलं. त्यात घन सेंटिमीटरला ४.८ ग्रॅमपर्यंत युरेनियम बसतं. अप्सरा-यू याच जातीच्या इंधनावर चालते. ३९० ग्रॅम म्हणजे इंधनाच्या आतला फ्लक्स त्या प्रमाणात पडणार. परावर्तकातला मात्र तेवढा पडत नाही. याचा एक फायदाही होतो. युरेनियम-२३८ वाढल्यामुळे डॉपलर परिणाम बळावतो, आणि इंधन तापताच रिॲक्टिव्हिटी खाली ओढणारा हा परिणाम कोणत्याही पंप-व्हॉल्व्हच्या आधी काम करतो. फ्लक्सच्या हव्यासापायी या बदलाला नाकं मुरडणारे लोक मला कधी पटले नाहीत.

पाण्याची फट किती ठेवायची? पट्ट्यांमध्ये साधारण अडीच मिलिमीटर पाणी असतं. फट वाढवली तर मंदन, म्हणजे न्यूट्रॉन मंद होणं, वाढतं आणि एका ठिकाणी रिॲक्टिव्हिटीचं शिखर येतं. हुशार विद्यार्थी शिखरावरच थांबतात, कारण तिथे इंधन कमी लागतं. अनुभवी माणूस शिखराच्या अलीकडे, कमी मंदनाच्या बाजूला थांबतो. तिथे पाणी तापून विरळ झालं किंवा उकळलं तर रिॲक्टिव्हिटी घटते. शिखराच्या पलीकडे गेलात तर पाणी गेल्यावर रिॲक्टिव्हिटी वाढते, आणि ते कोणालाच नको असतं. गाभ्याच्या मधोमध प्रयोगासाठी पाण्याने भरलेली जागा ठेवली असेल तर पूर्ण गाभ्याचा गुणांक (पाणी गेल्यावर रिॲक्टिव्हिटी किती बदलते तो आकडा) ऋण असूनही तेवढ्या जागेचा धन निघू शकतो. तो वेगळा काढून तपासा.

हा धाक पुस्तकी नाही. कॅनडात चॉक रिव्हर इथल्या एनआरएक्स भट्टीत मंदक जड पाणी होतं, पण इंधन थंड करायला साधं पाणी. जड पाण्याच्या गाभ्यात साधं पाणी न्यूट्रॉन गिळणारं द्रव्य ठरतं. १२ डिसेंबर १९५२ रोजी काही नियंत्रण कांड्या (न्यूट्रॉन गिळून भट्टी आवरणाऱ्या) पूर्ण खाली आल्या नाहीत, शक्ती वाढली, शीतक पाणी उकळलं, आणि गिळणाराच नाहीसा झाल्यामुळे शक्ती आणखी वाढली. गाभ्याचं मोठं नुकसान झालं. सायरस याच जातीची होती, त्यामुळे तुर्भ्यात रिॲक्टर फिजिक्स शिकणाऱ्या प्रत्येकाला एनआरएक्स पाठ असायची. ध्रुवमध्ये मंदक, शीतक आणि परावर्तक ही तिन्ही कामं जड पाण्याकडे आहेत.

आता रिॲक्टिव्हिटीचं अंदाजपत्रक. आमच्याकडे मिलि-के हे एकक चालतं : गुणन घटकातला (एका पिढीतून पुढच्या पिढीत न्यूट्रॉन किती पट होतात त्यातला) एक हजारांश फरक म्हणजे एक मिलि-के. ताज्या, थंड गाभ्यात थोडी शिल्लक हवी, कारण तापमान ती खातं, इंधन जळताना ती कमी होते, विखंडनातून तयार होणारे समॅरियम आणि झेनॉन खातात, प्रयोगांचे नमुने खातात. यातला झेनॉन-१३५ सर्वांत द्वाड. त्याचा न्यूट्रॉन गिळण्याचा छेद २६ लाख बार्नच्या (बार्न हे छेदाचं एकक) वर आहे; युरेनियम-२३५ चा सातशेच्याही आत. भट्टी चालू असताना झेनॉन न्यूट्रॉन गिळून नष्ट होत राहतो. भट्टी बंद पडली की नष्ट होणं थांबतं, पण साडेसहा तासांच्या अर्धायुष्याचं आयोडीन-१३५ त्याला जन्म देत राहतं. त्यामुळे बंद केल्यावर दहा-अकरा तासांनी झेनॉनचं शिखर येतं. फ्लक्स ऊंच असेल तर हा खड्डा इतका खोल होतो की शिल्लक पुरत नाही. नैसर्गिक युरेनियमच्या भट्टीत मुळात शिल्लकच तुटपुंजी; तिथे ट्रिप झाल्यावर (भट्टी आपोआप बंद पडल्यावर) अर्ध्या-पाऊण तासात पुन्हा चालू करता आली नाही तर दीड दिवस हात चोळत बसायचं. बाहेर वीज गेली म्हणून ट्रिप झाली असेल तर नियंत्रण कक्षात त्या अर्ध्या तासात काय धांदल उडते, ते ज्यांनी पाहिलं त्यांनाच ठाऊक. शिल्लक वाढवून हा त्रास टाळता येतो, पण मग तेवढी जास्त रिॲक्टिव्हिटी दाबून ठेवायला कांड्याही तेवढ्या जबर लागतात.

कांड्यांचा नियम एका वाक्याचा आहे : सर्वांत प्रभावी कांडी बाहेर अडकली तरी उरलेल्यांनी भट्टी बंद झाली पाहिजे, आणि तीही थंड, झेनॉनविरहित अवस्थेत. हा नियम न पाळणं किती महाग पडलं हे अमेरिकेत आयडाहोतल्या एसएल-१ वरून कळतं. ३ जानेवारी १९६१ रोजी त्या छोट्या लष्करी भट्टीत देखभाल करताना मधली एकच कांडी हाताने सुमारे अर्धा मीटर वर ओढली गेली. ती एकटी कांडी गाभा प्रॉम्प्ट क्रिटिकल (उशिरा सुटणाऱ्या न्यूट्रॉनशिवायच साखळी क्षणात भडकेल असा) करू शकत होती. तिघे जण गेले. ती कांडी का ओढली यावर लोक अजून तर्क करतात. मला त्यात रस नाही. एका कांडीत इतकी ताकद असेल असा गाभा आखला गेला, चूक तिथे आहे. हाच तर्क प्रयोगांनाही लावा. गाभ्यात आत-बाहेर होणाऱ्या कोणत्याही नमुन्याची किंमत विलंबित (विखंडनानंतर उशिरा सुटणाऱ्या) न्यूट्रॉनच्या वाट्यापेक्षा, म्हणजे युरेनियम-२३५ साठी सुमारे ६.५ मिलि-केपेक्षा, बरीच कमी ठेवायची. दोरी तुटून नमुना पडला तरी भट्टी प्रॉम्प्टच्या जवळ जाता कामा नये.

आता तिसरा प्रश्न, आणि इथे थोडं कडक बोलतो. क्रिटिकलचं गणित सुटलं की काम संपलं, असं मानणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञांची भट्टी यंत्र अभियंते बंद पाडत नाहीत, पाणी बंद पाडतं. ध्रुवचं न्यूट्रॉनचं गणित बरोबर होतं. सुरुवातीला अडलं ते दुसरीकडेच : शीतकाच्या प्रवाहाने इंधन असेंब्ली जास्त थरथरू लागल्या आणि इंधनाचं आवरण निकामी होऊ लागलं. रचनेत बदल करून पूर्ण १०० मेगावॉट गाठायला १९८८ उजाडलं. ओपलमध्ये २००७ साली, सुरू होऊन वर्षही झालं नसताना, काही इंधन पट्ट्या आपल्या जागेवरून सरकलेल्या आढळल्या आणि भट्टी पुढच्या वर्षापर्यंत बंद ठेवावी लागली. अमेरिकेतल्या ओक रिजच्या संशोधन भट्टीत १९६३ साली टाकीत राहून गेलेलं एक रबरी गॅस्केट एका असेंब्लीच्या तोंडावर बसलं, प्रवाह अडला आणि पट्टी अंशतः वितळली. अडीच मिलिमीटरच्या फटीला एवढंसं कारण पुरतं. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सियसला वितळतं, आणि पाणी थांबलं तर पूर्ण शक्तीवर चालणारी पट्टी तिथवर पोहोचायला काही सेकंदच लागतात.

म्हणून फ्लक्सचं शिखर ठरवताना त्याच श्वासात सर्वांत तापलेल्या पट्टीचा हिशेब करायचा. सरासरी शक्तीवर कोणतीच पट्टी जळत नाही. जळते ती परावर्तकाला लागून असलेली किंवा पाण्याच्या खिशाशेजारची, जिथे औष्णिक न्यूट्रॉन परत येऊन गर्दी करतात. शिवाय पट्टीची जाडी, फटीची रुंदी, युरेनियमचं वाटप यांतल्या कारखान्यातल्या फरकांची भर धरायची. पूल भट्टीत पाणी गाभ्यातून खाली ओढणं सोयीचं असतं, कारण त्यामुळे सात सेकंद अर्धायुष्याचं नायट्रोजन-१६ वर पृष्ठभागाकडे न येता विलंब टाकीत संपतं. पण पंप थांबला की तापलेलं पाणी आपोआप वर जाऊ पाहणार, म्हणजे प्रवाहाला मध्येच दिशा बदलावी लागणार, आणि त्या क्षणी पट्टीजवळ पाणी जवळजवळ स्थिर असतं. भट्टी बंद होताच उष्णता ६-७ टक्के उरते, तासाभराने एक टक्क्याच्या थोडी वर. २ मेगावॉटला ही सुरुवातीची उष्णता सव्वाशे-दीडशे किलोवॉट, जी तलावातलं पाणी नैसर्गिक अभिसरणाने सहज नेतं. १०० मेगावॉटला तीच साडेसहा मेगावॉट होते, आणि तिथे वीज गेल्यावरही पाणी फिरत राहण्याची वेगळी सोय लागते.

जाता जाता एक गंमत. जड पाणी आणि बेरिलियम यांच्यावर पुरेशा ऊर्जेचे गॅमा पडले की त्यातून न्यूट्रॉन सुटतात. त्यामुळे अशा भट्ट्या बंद केल्यावरही बरेच दिवस मोजणी यंत्रांना थोडा संकेत मिळत राहतो, आणि पुन्हा सुरू करताना आंधळेपणाने कांड्या उचलाव्या लागत नाहीत.

गणितावर किती विसंबायचं? नवा लॅटिस (इंधनाच्या मांडणीची जाळी) असेल तर शून्य शक्तीच्या भट्टीत तो मोजून बघणं ही तुर्भ्याची जुनी सवय. १९६१ ची झर्लिना त्यासाठीच होती. कल्पाक्कमची ३० किलोवॉटची कामिनी १९९६ मध्ये युरेनियम-२३३ वर क्रिटिकल झाली, तिच्याआधी पूर्णिमा मालिकेत तसे गाभे तपासून झाले होते. आज संगणक इतके वेगवान आहेत की ही पायरी गाळायचा मोह होतो. ओळखीचं इंधन, ओळखीची जाळी असेल तर गाळा. इंधन किंवा परावर्तक नवा असेल तर गाळू नका.

तुमच्या प्रकल्पासाठी नवीन भट्टी कल्पू नका. वर सांगितलेला १० मेगावॉटचा नमुना घ्या. त्याची मापं आणि अनेक देशांच्या गटांनी काढलेली उत्तरं प्रसिद्ध आहेत. ओपनएमसी हा मोंटे कार्लो (यादृच्छिक आकड्यांनी एकेका न्यूट्रॉनचा प्रवास काढणारा) कोड मोफत मिळतो. आधी एकाच असेंब्लीची अनंत जाळी करून पाण्याची फट बदलत जा आणि शिखर कुठे येतं ते पाहा. मग पूर्ण गाभा मांडा, २८० आणि ३९० ग्रॅम दोन्हींसाठी परावर्तकातला फ्लक्स काढा. त्यानंतर मधली पाण्याची जागा रिकामी करा, एक कांडी बाहेर ठेवा, आणि प्रत्येक वेळी किती मिलि-के हलले ते एका तक्त्यात लिहा. सर्वांत तापलेली पट्टी शोधायला त्याच गणितातलं शक्तीचं वाटप पुरेल. झेनॉनसाठी कोडची गरज नाही. आयोडीन आणि झेनॉनची दोन विकल समीकरणं कागदावर सुटतात, आणि फ्लक्स दहा लाख कोटींवरून शंभर लाख कोटींवर नेला की खड्डा कसा खोल होतो ते आलेखात लगेच दिसतं.